नोकिया पुरे, आता उसाचं बिल मांडू

बीबीएच्या पहिल्या वर्षाला बसणारी पोरं 2007 च्या आगेमागे जन्मलेली. कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला 2012 मध्ये, नोकियाचा मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला 2014 मध्ये. आणि आम्ही प्राध्यापक मंडळी अजून 'काळाबरोबर बदलली नाही म्हणून कंपनी बुडाली' हेच घोकून घेतोय. पेपरला केस (खऱ्या कंपनीचा प्रसंग) कुठलीही येऊ दे, गाईडमधलं उत्तर ठरलेलं.

शेवट माहीत असलेल्या केसवर कुणीही शहाणपणा करतो. धंद्यात निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा शेवट कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून वर्गात ताजी केस हवी, आणि तीही पुढचं पान झाकून.

सांगलीत राहून अशी केस शोधायला लांब जावं लागत नाही. मी 2023 चा डिसेंबर घेतो. गाळप सुरू आहे. कारखान्यानं केंद्राच्या व्याज सवलतीच्या योजनेत कर्ज काढून डिस्टिलरी, म्हणजे इथेनॉलचा प्रकल्प, उभी केलीय. 7 डिसेंबरला केंद्राचा आदेश येतो: उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. पाऊस कमी झालेला, साखर महागायची भीती, लोकसभा तोंडावर. इथं थांबायचं. तुम्ही एमडी आहात, उद्या सकाळी काय करणार?

मागच्या खेपेला पोरं डिस्टिलरीवरून हमरीतुमरीवर आली होती. वाळवा तालुक्यातली एक मुलगी, घरचा ऊस अजून उभाच, म्हणाली, "सर, डिस्टिलरीचं राहू दे. पहिली उचल कशातनं देणार ते आधी सांगा." उचल म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता. वर्किंग कॅपिटलवर (खेळत्या भांडवलावर) मी दोन तास बोललो असतो तरी एवढं नेमकं बोललो नसतो. ऊस कारखान्यात पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा कायदा, साखर मात्र सरकारी महिन्याच्या कोट्यानंच विकायची. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्यामानानं लवकर येतात, आणि नेमका तोच नळ बंद झालेला.

मग दुसरा कागद: 15 डिसेंबर, 17 लाख टनांपर्यंत साखर इथेनॉलकडे वळवायला परवानगी. तिसरा: ऑगस्ट 2024, पुढच्या वर्षासाठी बंधनं उठली. दर कागदाला निम्मा वर्ग मत बदलतो. बदलू दे की.

फळ्यावर एक गणितही मांडतो. 2024-25 ची एफआरपी टनाला 3,400 रुपये, 10.25 टक्के उताऱ्याला. म्हणजे टनामागे साखर 102.5 किलो. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली, 2024-25 मध्येही तीच. गुणा: 3,177 रुपये 50 पैसे. बाजारभाव याच्या वर असतो आणि मळी-बगॅस (उसाचं चिपाड) धरायची राहिलीय हे खरं, पण तोडणी-वाहतूक सोडली (ती एफआरपीतनंच कापली जाते) तर प्रक्रियेचा खर्च, पगार, व्याज हेही अजून धरलेलं नाही. सरकारनं ठरवलेल्या दोन भावांत सापडलेला धंदा म्हणजे काय, हे याहून सोपं करून मला तरी सांगता येत नाही.

सहकारी विचारतात, निकालच लागला नाही तर शिकवायचं काय, आणि मार्क कसे द्यायचे? मार्कांचं गाऱ्हाणं रास्त आहे, विद्यापीठाच्या पेपरात हे बसवणं अवघडच. बाकी थिअरी आधी हवीच, कॉस्ट शीट न येणाऱ्या पोरानं इथेनॉलवर मत देऊ नये.

मला खरी भीती वेगळीच वाटते. ताजी केस म्हणून पॉडकास्टमधल्या संस्थापकांच्या गप्पा वर्गात येतात. बायजूज या ऑनलाइन शिकवणी कंपनीची किंमत 22 अब्ज डॉलर सांगितली जायची तेव्हा ती यशोगाथा म्हणून शिकवली गेली. त्याच कंपनीचे मार्च 2021 अखेरचे हिशेब सप्टेंबर 2022 मध्ये बाहेर आले, तोटा 4,588 कोटी. दीड वर्ष ताळेबंद का येत नाही, एवढं विचारायला एमबीए लागत नाही. आपल्याकडची पतसंस्थेची सभासद मंडळीसुद्धा विचारतात. म्हणून माझ्या वर्गात बातमी चालते, पण तिच्याबरोबर वार्षिक अहवाल किंवा सरकारी आदेश आणावाच लागतो. न वाचता आणलेला चालत नाही.

जिल्ह्यातल्या कुठल्याही कारखान्यात अकाउंट्सला असलेल्या कुणाला एखाद्या शनिवारी तासभर जमणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. भाषण नको, सत्कार-नारळही नाही. साखरेचे पैसे हातात आले की ऊसबिल, बँकेचा हप्ता आणि पगार यांतलं आधी काय आणि ते कोण ठरवतं, एवढंच पोरांना सांगा. कारखान्याचं नाव नाही घेतलं तरी चालेल.