लँग्सडॉर्फ पळपुटा होता का? कट्ट्यावरचं भांडण

काल कट्ट्यावर बंड्याने काडी टाकली, "स्वतःचं जहाज बुडवून मग स्वतःला गोळी घालणारा कप्तान म्हणजे पळपुटाच!" विषय 1939 चा, दुसऱ्या महायुद्धातला, हान्स लँग्सडॉर्फ, जर्मन पॉकेट बॅटलशिप (म्हणजे आकाराने लहान पण मोठ्या तोफांची युद्धनौका) 'ग्राफ श्पे'चा कप्तान. आता शिऱ्या गप्प बसतोय होय.

"पळपुटा? अरे 9 व्यापारी जहाजं बुडवली आणि त्यांच्यावरचा एक माणूस मेला नाही, आधी सगळ्यांना उतरवून घ्यायचा मग जहाज तळाला. त्याच्याच कैदेतले ब्रिटिश कप्तान सुटल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलले!"

"आणि आल्टमार्कवर कोंबलेले?" बंड्या म्हणाला. यात दम होता. आल्टमार्क म्हणजे श्पेला तेल पुरवणारं जहाज, बुडवलेल्या जहाजांवरचे कैदी त्याच्यावर पाठवायचे, तिथला कारभार दुसऱ्याच कप्तानाचा, आणि 1940 च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांनी नॉर्वेत 299 जण सोडवले तेव्हा त्यांनी हालांच्याच कहाण्या सांगितल्या.

मग माँटेव्हिडिओ निघालं. 13 डिसेंबरला ब्रिटिश जहाजांशी झालेल्या लढाईत मार खाऊन श्पे उरुग्वेच्या या बंदरात शिरलं, तटस्थ उरुग्वेने बंदर सोडायला 72 तास दिले, आणि ब्रिटिशांनी हूल उठवली की बाहेर आर्क रॉयल ही विमानवाहू नौका आणि रिनाउन ही मोठी युद्धनौका टपून बसलेत. खरं तर ती दोन्ही शेकडो मैल लांब, मदतीला आलेली फक्त एक क्रूझर, कंबरलँड. शिऱ्याचं म्हणणं की समोर काय आहे ते माहीतच नाही, दारूगोळा संपत आलाय, तेल शुद्ध करायची यंत्रणा फुटलीय, अशात हजारावर पोरं मरायला न्यायची का? 17 डिसेंबरला त्याने माणसं उतरवली आणि जहाज उडवलं.

नेव्हीतून रिटायर झालेले काका इतका वेळ नुसतं ऐकत होते. "17 तारखेचं काय धरून बसलात, चूक 13 तारखेच्या सकाळी झाली. वॉरशिपच्या वाटेला जाऊ नकोस अशी ऑर्डर होती. याला डोलकाठ्या दिसल्या, वाटलं कॉन्व्हॉयबरोबरच्या, म्हणजे व्यापारी जहाजांच्या ताफ्याबरोबरच्या, छोट्या डिस्ट्रॉयर असतील, गेला सरळ अंगावर. निघाल्या एक्झेटर, अजॅक्स आणि अकिलीस, डिस्ट्रॉयरपेक्षा मोठ्या तीन क्रूझर!"

बंड्या लगेच, "पण काका, पळून जाणार कुठे, क्रूझर त्याच्यापेक्षा फास्ट ना?"

"पळ कोण म्हणतंय. 28 सेंटिमीटर तोंडाच्या तोफा कशाला असतात, लांबून ठोकायचं. एक्झेटर तर पार खिळखिळी केलीच ना त्याने, मग जवळ जायची घाई कशाला?"

माझं मत काकांसारखंच. शेवटचा निर्णय शहाणपणाचा होता पण तो घ्यायची वेळ याने स्वतःच ओढवून घेतली. आणि माणूस म्हणून सांगायचं तर 15 तारखेला त्याच्या 36 खलाशांच्या दफनविधीत बाकीचे हात पुढे करून नाझी सलाम ठोकत होते आणि हा साधा नेव्हीचा सॅल्यूट करत उभा, फोटो आहे त्याचा. बंड्या म्हणाला, "सॅल्यूट कसाही कर, पगार हिटलरचाच!" खरंय तेही.

मग ब्युनोस आयर्समध्ये त्याने जहाजाच्या झेंड्यावर स्वतःला संपवलं, त्याआधी जर्मन राजदूताला लिहून ठेवलं की कप्तानाचं नशीब जहाजापासून वेगळं काढता येत नाही.

अकिलीसचं पुढे काय झालं हे शिऱ्याला माहीतच नव्हतं. 1948 मध्ये ती आपण घेतली, आयएनएस दिल्ली नाव ठेवलं, 1961 ला दीवच्या कारवाईत होती आणि 1978 मध्ये आपल्या मुंबईतच भंगारात तोडली. हे ऐकून बंड्या अजूनच चढला, "बघा, जिंकलेली बोट एवढी वर्षं चालली, आणि तुमचा कप्तान एक आठवडा नाही टिकला!" शिऱ्याने त्याच्या चहाचे पैसे द्यायला साफ नकार दिला.