कान सरावत नाहीत, निकामी होतात

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव अशा यंत्रमागाच्या गावांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मागावर काम करणाऱ्याचे कान आवाजाला सरावतात; कानात कापूस आणि रात्री कोमट तेल एवढी काळजी पुरे; पन्नाशीत कमी ऐकू येणे हा वयाचा भाग आहे; आणि कायदा याला आजार मानत नाही. चारही विधाने चुकीची किंवा फसवी आहेत, पण पहिले सर्वांत घातक, कारण ते अनुभवाला पटते.

नवा कामगार पाळी संपवून बाहेर पडतो तेव्हा कानांना दडे बसलेले असतात, बारीक शीळ वाजत असते आणि सकाळपर्यंत सारे ठीक होते. आंतरकर्णातील थकलेल्या केशपेशी (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) रात्रीतून सावरलेल्या असतात. हेच वर्षानुवर्षे चालले की त्या मरू लागतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पुढे गोंगाट टोचेनासा होतो, कारण मन त्याकडे दुर्लक्ष करायला शिकते आणि कानही तो पुरता ऐकेनासा होतो. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, तर आठ तासांसाठी आपल्या नियमांतली मर्यादा 90 आहे. फरक दहाचाच दिसला तरी ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यात अनेक ठिकाणी पाळी बारा तासांची.

कापसाने आवाज जेमतेम काही डेसिबल कमी होतो. तेल तर पडद्यापाशीच थांबते. इजा पडद्याच्या पलीकडे, आत असते. नीट बसवलेले इअरप्लग किंवा इअरमफ उपयोगी पडतात, मात्र ते पाळीभर लावलेले हवेत.

वयाचा मुद्दा अर्धवट खरा असल्यामुळे फसवा आहे. वयोमानाने येणारे बहिरेपण साधारणपणे सर्वांत उंच स्वरांपासून सुरू होऊन हळूहळू खाली उतरते. गोंगाटाने झालेल्या इजेत ऑडिओग्रामवर (कोणत्या स्वराला किती ऐकू येते ते दाखवणाऱ्या आलेखावर) 4000 हर्ट्झच्या आसपास खाच पडते आणि 8000 ला रेषा पुन्हा वर येते. पुढे वयाची झीज मिसळली की ही खाच पुसट होते, म्हणून तपासणी तरुणपणीच, आणि तीही गोंगाटापासून किमान 14 तास दूर राहून झालेली बरी. अशी खाच पडलेल्या माणसाला आवाज येतो, पण ‘काठ’, ‘पाठ’ आणि ‘साठ’ यांत गल्लत होते. घरचे म्हणतात, मुद्दाम करतात.

राहिला कायदा. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य बहिरेपण अधिसूचित आजार, म्हणजे सरकारला कळवावाच लागणारा आजार, म्हणून नोंदलेले होते; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ते आहे आणि रुग्ण आढळल्यास कळवण्याचे बंधन डॉक्टरवरही आहे. कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 ची जागा घेतलेली 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता त्या जुन्या कायद्याप्रमाणेच याही पुढे जाते : त्याच मालकाकडे अशा कामावर सलग सहा महिने नोकरी झालेली असेल, तर हा आजार कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते, तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे असते. खरी अडचण वेगळीच आहे. मजुरी कापडाच्या मीटरवर रोख मिळते, नेमणूकपत्र नसते, एकाच छपराखालचे माग कागदोपत्री वेगवेगळ्या नावांवर असतात, आणि मग सहा महिन्यांची सलग नोकरी दाखवणारा कागदच कामगाराकडे नसतो.