वर्गात रील कशी काढावी: होतकरू गुरुजींना चार हिताच्या गोष्टी

वर्गात सोशल मीडिया असावा की नसावा, यावर शहाण्या लोकांचा काथ्याकूट अजून चालूच आहे म्हणे. चालू दे. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात तो केव्हाच येऊन गुरुजींच्या खुर्चीत बसलाय. तुमच्या शाळेत अजून यायचा असेल, तर गेल्या पंधरवड्यात पालक म्हणून मला जे ज्ञान झालंय ते फुकट घ्या.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढा आणि लगेच 'फक्त ॲडमिन' करून टाका. शिक्षणात संवादाला फार महत्त्व आहे.

गृहपाठ फळ्यावर लिहू नका. फळ्यावरचं पोरं वहीत उतरवून घेतात, मग पालकांनी काय करायचं? रात्री साडेनऊनंतर फोटो काढून ग्रुपवर टाका. जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, घरात रेंज येत नाही. मारुतीच्या देवळामागचा चढ चढावा लागतो. चढू दे की! पावसात, एका हातात छत्री, एका हातात बॅटरी, फोन दातात. वर पोचून फोटो उघडला की कळतं, तिसरा प्रश्न गुरुजींच्या अंगठ्याखाली गेलाय.

परिपत्रक कन्नडमध्ये आलं तर तसंच पुढं ढकला. शाळा मराठी असली म्हणून काय झालं?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली. त्यांच्याकडे कांगारू आहेत, रीलचं काय कळणार?

आता मुख्य विषय. रीलसाठी हुशार पोर निवडू नका. बरोबर उत्तर कोण बघतंय? अडखळणारं निवडा. माझी धाकटी पाचवीत, मराठी माध्यमात. कन्नडच्या तासाला तिला उभं केलं आणि 'मी शाळेला जाते' हे कन्नडमध्ये सांग म्हणाले. म्हणायचं होतं 'नानु शालेगे होगुत्तेने'. ती म्हणाली 'होगुत्ताने'. म्हणजे निघाली 'मी'पासून आणि पोचली 'तो जातो'वर. घरात कन्नड नाही, वय वर्षं दहा. शिवाय आमच्याकडच्या बायका मराठीतसुद्धा 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, त्यांना काय फाशी देणार? चूक दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गुरुजींच्या हातात खडू नव्हता, फोन होता. वर्ग खदाखदा हसला, तेही त्यात आलं. वर गाढवाच्या ओरडण्याचा आवाज चिकटवला, शाळेचं नाव आणि इयत्ता लिहिली आणि दिलं सोडून.

पहिले दोन तास लोक नुसते हसले. मग कुणीतरी लिहिलं, 'कर्नाटकात राहता आणि कन्नड येत नाही?' झालं! कोल्हापूरकडचा एक वीर धावून आला, त्याच्यावर धारवाडकडचा दुसरा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला. १९५६ची राज्यपुनर्रचना निघाली, महाजन आयोग निघाला, येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक निघाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा निघाला. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, यावरून एकमेकांच्या आयाबहिणी काढून झाल्या. सत्तर वर्षांत भल्याभल्यांना जे सुटलं नाही, ते माझ्या पोरीच्या फोटोखाली सोडवायला बसले. निळा गणवेश, दोन वेण्या, तोंड अर्धं उघडं, आणि खाली या शिव्या. गुरुजी काय करत होते? प्रत्येक कॉमेंटला बदाम देत होते. दोन्ही बाजूंच्या. एवढा समतोल तर कोर्टातही मिळायचा नाही.

माझ्या बहिणीचा पुण्याहून फोन. "दादा, आपली पोर फेमस झाली की रे!" मला व्हिडिओ तेव्हा कळला.

इन्स्टाग्रामवाले, ज्यांचा धंदाच हा आहे, तेसुद्धा १३ वर्षांखालच्या पोराला खातं उघडू देत नाहीत. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्या म्हणून २०२३ साली कायदा झाला. मला कुणी विचारलं? दाखल्यावर सही केली ती शिकवायला. तमाशाला नव्हे.

आणि मी काही शाळेवर जळणारा माणूस नाही ओ. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा सरकारच्या 'विद्यागम' योजनेत हेच मास्तर लोक गावोगाव फिरले. आमच्या मारुतीच्या कट्ट्यावर बसून पोरांना गुणाकार शिकवला, जीव मुठीत धरून. फोनवर शिकवणं इथं चालत नाही म्हणून आले. तेव्हा कळत होतं, मग आता काय झालं तुम्हाला? पोरीला हसून तुमचे फॉलोअर वाढले. किती वाढले? तिला कन्नड येत नाही, तर ती शिकवायचा पगार कोण घेतंय?

रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, दुसऱ्यांदा मी बरोबर म्हटलं होतं. ते सरांनी कापलं."

तेव्हापासून कन्नडच्या तासाला ती तोंड उघडत नाही.

काढा तो व्हिडिओ. आज काढा. हे मी ग्रुपवरच लिहिणार होतो, पण तिथं फक्त ॲडमिनला बोलता येतं.