गॅलोगेटचा आवाज आणि आपला अभिजात दर्जा

मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून पुण्यातल्या मावसभावाशी माझा एकच वाद चालू आहे: आता पैसा कशावर खर्च करायचा? तो म्हणतो, शिलालेख, ताम्रपट, पोथ्या. ते हवेतच. पण मी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहतो, कामावर जाताना गॅलोगेट हा रस्ता ओलांडतो, आणि तिथे मला लोकगायिका जीनी रॉबर्टसन आठवते.

१९५३ साली एडिंबराचे लोकगीत-संग्राहक हॅमिश हेंडरसन गॅलोगेटमधल्या तिच्या दारात आले. ती दमलेली होती, उद्या या म्हणाली. त्यांनी दारातच हार्लॉच्या लढाईचं जुनं कथागीत म्हणायला सुरुवात केली. “असं नाही म्हणत ते,” असं म्हणत तिनं त्यांना आत घेतलं आणि स्वतः गाऊन दाखवलं, असं सांगतात.

जीनी ट्रॅव्हलर, म्हणजे इथल्या भटक्या समाजातली. हिवाळा शहरात, उन्हाळा रस्त्यावर. लोक त्यांना ‘टिंकर’ म्हणून हिणवत. मूळ अर्थ आपला कल्हईवाला. गाणी तिला आईकडून मिळाली, तीही स्कॉट्स या इथल्या भाषेत, जिला शिकलेली माणसं बिघडलेली इंग्रजी समजत. त्याच गाण्यांसाठी १९६८ साली तिला एमबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. १९७५ साली ती वारली. मुलगी लिझी हिगिन्सही तेवढ्याच ताकदीची गायिका, पण तिनं पोट भरलं मासळी साफ करून.

जीनीच्या समाजाच्या गायकांची जुनी ध्वनिमुद्रणं आज ‘तोबर अन दुअलखस’ या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. गेलिक भाषेतल्या या नावाचा अर्थ वारशाची विहीर. गाणाऱ्याचं नाव सोबत असतं. हे मला फार मोठं वाटतं. पण गाणं जपलं म्हणून माणसं जपली गेली नाहीत. ट्रॅव्हलर कुटुंबांना एका जागी बसवण्यासाठी निकृष्ट झोपड्यांत कोंबलं, त्याबद्दल स्कॉटलंडच्या सरकारनं माफी मागितली ती थेट जून २०२५मध्ये.

आपल्याकडे गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बायकांच्या नावागावांसकट. गोंधळी, वासुदेव, नंदीबैलवाले यांच्यासाठी तेवढ्याच नेटानं काम व्हायला हवं, अभिजात दर्जाच्या पैशातून, आणि ते म्हातारे हयात असताना. जोडीला दाखल्याचा प्रश्नही सोडवा. जातीच्या दाखल्यासाठी भटक्या माणसाकडे १९६१पासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागायचा, यात कसला न्याय आहे?

आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालायला दरवेळी तेच गोंधळी येत. परवा आईला त्यांचं नाव विचारलं. बराच वेळ आठवून म्हणाली, “आपले ते संबळवाले रे.”

मावसभाऊ दिवाळीत गावी जाणार आहे. त्याला सांगितलंय, नुसता संबळ रेकॉर्ड करून आणू नकोस, नाव विचार.