डिकीचाही हिशोब करा

सात माणसं आहेत म्हणून परदेशात सेव्हन-सीटर भाड्याने घ्या, हा लेखातला सल्ला अर्धाच वाटला. सामान कुठे ठेवायचं? फोक्सवॅगन टूरानच्या २०१५च्या मॉडेलमध्ये सातही सीट उघडल्या की डिकीत १३७ लिटर जागा उरते. म्हणजे केबिन बॅगा जेमतेम तीन, त्याही कोंबून! शिवाय बुकिंगवर 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं, त्यामुळे फोटोतलीच गाडी मिळेल याची खात्री नाही. दुसरा चालवणारा असेल तर दोन छोट्या गाड्या बऱ्या. तिसऱ्या रांगेत मोठ्या पोरांना बसवा (आजीआजोबांना नको, उतरताना हाल होतात). चाइल्ड सीटसाठीचं आयसोफिक्स (ती सीट गाडीला पक्की अडकवायच्या कड्या) मात्र बहुधा मधल्या रांगेतच असतं. आणि हो, भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवा जास्त लागते.