वजन विचारू नका

सोयाबीनची पट्टी हातात पडली, आडत्याची उचल फिटली आणि तरीही चार पैसे उरले, तर ते बँकेत टाकायचा करंटेपणा करू नका. खासगी टांकसाळीची स्मारक पदकं घ्या. मखमली डबी, आत प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये बसवलेलं पदक आणि सोबत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र. तुमचं पदक किती हजारांतलं कितवं, ते त्यावर छापलेलं असतं. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील, पण हा नंबर एकट्या तुमचा.

पाहुण्यांना दाखवताना त्याला नाणंच म्हणा. २०११ च्या कॉइनेज ॲक्टप्रमाणे नाणी पाडायचा अधिकार सरकारचा, खासगी पाडतात ते पदक आणि त्यावर काडेपेटीसुद्धा मिळत नाही, असं कुणी म्हणालाच तर त्याला दुसरा चहा देऊ नका. सरकारी स्मारक नाणं तरी कुठं किराणा दुकानात चालवतं कुणी? नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं बघा, २०२३ चं. ३५ ग्रॅम वजन, त्यात चांदी निम्मी. बाकी तांबं, निकेल, जस्त. हे सगळं सरकार आधीच सांगून मोकळं होतं, त्यात काय मजा? आपल्या पत्रकावर 'शुद्ध चांदीचा मुलामा' असतं. त्यातलं 'शुद्ध' मोठ्यानं वाचायचं, पुढचं मनात.

'मर्यादित आवृत्ती'वर शंका तर मुळीच घेऊ नका. अमेरिकेत १९६४ साली निघालेल्या फ्रँकलिन मिंटनं ही मर्यादा फार सोपी करून ठेवली: ठरलेल्या तारखेपर्यंत जितके जण मागणी नोंदवतील, तितकीच पदकं पाडायची. म्हणजे आवृत्तीची मर्यादा गिऱ्हाइकांच्या हौसेएवढी. त्यांची बरीच पदकं तर खऱ्या चांदीची होती. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा असल्या पदकांचे ढीग भट्टीत गेले. मुलाम्याला ही भीती नाही. आटवायला कुणी घेतच नाही.

एक पथ्य मात्र पाळा. पदक घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या सराफाकडे जाऊ नका. तो डबी बाजूला सारतो, प्रमाणपत्र न वाचताच डबीखाली सरकवतो आणि पदक काट्यावर टाकतो. मग कसोटीवर एक रेघ ओढतो आणि म्हणतो, "मालक, डबी झकास आहे." कलेची जाण नसलेला माणूस!

आता आपल्याच दौलताबादचं बघा. तिथं राजधानी आणलेल्या मुहम्मद तुघलकानं १३२९ च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या भावानं तांब्या-पितळेची नाणी चालवली. त्यातली काही दौलताबादच्या टांकसाळीतही पडली. लोकांनी घरोघरी तशीच नाणी पाडली, म्हणजे खासगी टांकसाळींचा खरा सुवर्णकाळ तो. शेवटी सुलतानानं ती नाणी परत घेतली आणि खजिन्यातून सोनं-चांदी मोजून दिली. त्याला लोक अजून वेडा म्हणतात ते उगीच नाही. तुमची टांकसाळ एवढी वेडी नाही. तिच्या पत्रकात 'परत घेऊ' हे शब्द भिंग लावूनही सापडायचे नाहीत.

मालिका मध्येच सोडू नका, अपुऱ्या संचाला कुणी विचारत नाही. पुऱ्यालाही विचारत नाही, पण ते संच पुरा झाल्यावर कळतं. हप्त्याला पैसे कमी पडले तर आजीची ट्रंक उघडा. तळाशी निजामाच्या काळातले चारमिनारचे हाली रुपये असतील, फडक्यात बांधलेले. त्यांना ना डबी, ना प्रमाणपत्र, ना नंबर. ते विकून टाका. तेवढ्यापुरतं सराफाकडे जायला हरकत नाही. काट्यावर टाकू द्या, रेघ ओढू द्या. आणि तो "असे आणखी आहेत का?" म्हणाला, तर पुढचे दोन हप्तेही सुटले म्हणून समजा.