स्वतःपुरतं प्रोटेक्शन

"भाऊ, ते बंद नाही पडत. ते स्वतःला वाचवतं."

दुकानातल्या पोऱ्याने हे इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मलाच त्या मॉड्यूलची माफी मागावीशी वाटली.

जळगावचा मे महिना, ४५ अंश, भर दुपारी लाइट गायब. म्हणून दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले आणि त्यावर १२ व्होल्टचा पंखा, राउटर, दिवा चालवायला २४ चे १२ व्होल्ट करणारं हे एलएम२५९६ चिपचं मॉड्यूल घेतलं. बोटभर निळी पट्टी. "३ अँपिअर, शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन, थर्मल प्रोटेक्शन, सगळं येतं त्यात." येतं ना! पत्र्याखालच्या खोलीत आतली चिप तापली की पंखा बंद. गार झाली की सुरू. पुन्हा बंद. ज्या वेळेसाठी हा खटाटोप केला, नेमकं त्याच वेळेला साहेब सुट्टीवर.

मी बदलून मागत होतो. शेजारी अमळनेरकडचे एक आबा फवारणी पंपाचा चार्जर दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा. त्यांचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणूनच बहुधा ते पुढे सरसावले.

"उन्हमा कोन काम करस भाऊ? तू करस का?"

"आबा, मी माणूस आहे. ते मशीन आहे."

"मंग? दुपारले बठ्ठा झोपतस. ते बी झोपनं. तुनापेक्षा शहानं शे ते!"

दुकान हसलं. मालक हसला, पोऱ्या हसला, रिमोटचे सेल घ्यायला आलेली शाळकरी मुलगीसुद्धा हसली. तेवढ्याने आबांचं समाधान होईना. त्यांनी काउंटरवरचा बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि मॉड्यूलवरच्या निळ्या ठोकळ्याचा पितळी पेच फिरवायला घेतला. मल्टिमीटर जोडलेलाच होता. आकडा १२ वरून ११, ११ वरून १० असा उतरायला लागला. त्या पेचाला जवळपास २५ फेरे असतात आणि आबांच्या गाठीशी वेळ भरपूर.

"आबा, १२ पाहिजेत मला!"

"कमी मा भागाड ना भाऊ. काय नडस?"

"पंखा हळू फिरेल!"

"फिरी तर ऱ्हायना ना? आते तर बंदच पडेल व्हता."

यावर मला उत्तर सुचलं नाही, याचा राग अजून आहे.

बरं, प्रोटेक्शन म्हणता ते आहे तरी कोणाचं? आउटपुट शॉर्ट झालं तर करंट आवरतो, तापला तर बंद होतो, म्हणजे हा गडी सहीसलामत. माझी बॅटरी तळाला गेली तरी तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहणार, तिची कणव नाही. इनपुटच्या वायरी उलट्या लागल्या तर धूर, कारण एवढ्या स्वस्त पट्टीवर उलट्या जोडणीसाठी काहीच नसतं. आणि उद्या आतला स्विच शॉर्ट होऊन हा मेलाच, तर २४ च्या २४ व्होल्ट माझ्या १२ व्होल्टच्या राउटरवर सोडून जाईल. स्वतः जगेल तेव्हा एकटा, मरेल तेव्हा सगळ्यांना घेऊन. गावच्या सोसायटीत मी अशी माणसं पाहिली आहेत, पण त्यांना निदान निवडून तरी यावं लागतं.

आणि ते ३ अँपिअर! हीटसिंकशिवाय, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय, ते कागदावरच. खानदेशी उन्हात दोनाच्या आसपास सतत मागितले तरी पट्टीला हात लावून बघा. हे आधी का नाही सांगायचं? तर, "भाऊ, तुम्ही विचारलं नाही." मी काय विचारायला हवं होतं, की ३ म्हणजे ३ च ना?

मॉड्यूल परत घेतलं नाहीच. मालकाने ॲल्युमिनियमचं छोटं हीटसिंक काढलं, थर्मल टेपने चिकटवलं आणि त्याचे पैसे घेतले. त्याच्या आधी आबांचा चार्जर झाला, कारण "बाबा लांबून आले आहेत." मी शिवकॉलनीतून आलो होतो, ते काही लांब नाही.

पोऱ्याने आकडा पुन्हा १२ वर आणला. पेच कोणी हलवू नये म्हणून (हे म्हणताना त्याने आबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं) वर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला.

त्याचे दहा रुपये वेगळे लावले.